उसातला चेंडू जिवंत असतो

३ जानेवारी १९९९, रविवार. सकाळी चर्चला गेले. फादरांचा घसा बसलेला, प्रवचन लवकर आटोपलं. शेळीचा मागचा पाय सुजलाय, मिठाच्या गरम पाण्याने शेकला. दुपारी छापखानेवाला रादामेस खेळाडूंच्या कार्डांचे नमुने घेऊन आला. सत्तावन सालच्या बेसबॉल संघातल्या सगळ्यांची कार्डं झाली आहेत. राइट फील्डचं कार्ड कोरं आहे. दीनो जेवला नाही.

फिदेलिनाताईंची रोजनिशी अशीच असे. लहानपणी नन्सच्या शाळेत त्यांना शिकवलं होतं की घडलं ते वहीत लिहावं आणि वाटलं ते देवाला सांगावं. त्यामुळे त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांना काय वाटलं, याचा वहीत एक शब्द नाही.

रादामेसने टेबलावरची हिरवी केळी बाजूला सारली आणि खेळाडू मैदानात उभे राहतात तशी कार्डं मांडली. खाली फलंदाजामागचा कॅचर नेरेओ, मध्ये चेंडू टाकणारा पिचर, चारी बाजूंना बेस राखणारे, आणि सगळ्यांच्या वर, लांब, ते तिघे मागचे. सगळे विशी-पंचविशीतले. केसांना तेल, ओठांवर कोवळ्या मिशा, छातीवर ‘ला आल्तुरा’ कारखान्याचं नाव. यातले चौघे आता मातीखाली होते, पण कार्डांवर सगळ्यांनी पोटं आत ओढून धरली होती. वर उजव्या कोपऱ्यात मात्र नुसती चौकट. खाली ‘राइट फील्ड’ एवढंच छापलेलं.

“हे काय रे?” ताईंनी विचारलं.

“ताई, माझ्यावर चिडू नका. सांता रिता कारखान्याच्या म्हाताऱ्यांनी अट घातलीय. अंतिम सामन्यातल्या दोन्ही संघांची कार्डं एकाच पाकिटातून निघायची आहेत ना? त्यात दीनोकाका असेल तर आमचे फोटो परत द्या, म्हणतात.”

“म्हणतात म्हणजे कोण? सगळे?”

“बोलणारा एकच. एर्सिलिओ मोता.”

नाव ऐकल्याबरोबर ताईंच्या धाकट्या भावाने, दीनोने, खुंटीवरची टोपी घेतली आणि तो मागच्या दाराने शेळीकडे निघून गेला. ताटातलं कुस्करलेल्या केळ्यांचं मंगू वरच्या कांद्यासकट तसंच थंड होत राहिलं.

सेकुंदीनो हे त्याचं पाळण्यातलं नाव. गाव त्याला दीनो म्हणे, आणि मैदानात उतरला की बगळा. पाय तसेच होते, लांब आणि काटकुळे. बापाचं आयुष्य ऊसतोडीत गेलं. थोरल्या बहिणीला मावशीने शहरात नन्सकडे ठेवून घेतलं, आणि हा बापाच्या मागून फडात गेला. हातात कोयता धरण्याआधी तो सरीतून पाचट ओढायला शिकला होता. पुढे कारखान्याची बैलगाडी हाकली, मग गाडीची मालगाडी झाली तेव्हा डबे जोडले, आणि कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा घरी बसला. लग्न केलं नाही. फिदेलिनाताईंचा नवरा वारला त्या महिन्यात एक पेटी आणि एक शेळी घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, छप्पर गळतंय का बघायला आलो.” छप्पर गळत नव्हतं. तो राहिला.

रविवारी मात्र, तरुण असताना, तो कारखान्याच्या संघात राइट फील्डला उभा राही. राइट फील्ड म्हणजे ज्याला कुठेच ठेवता येत नाही त्याची जागा, असं इतर गावांत समजतात. ला आल्तुऱ्यात तसं नव्हतं. तिथल्या मैदानाला उजवीकडे कुंपणच नव्हतं. गवत संपलं की ऊस सुरू. आणि त्या भागातल्या सगळ्या कारखान्यांचा नियम एकच, की उसात गेलेला चेंडू जिवंत. राखणारा आत शिरून तो बाहेर काढू शकला तर खेळ चालू. नाही काढू शकला तर फलंदाजाने आरामात तिन्ही बेसना चक्कर मारून घरी, म्हणजे होमबेसवर, यावं.

नियम सरळ होता, माणसं नव्हती. कुठल्याही कारखान्याच्या उसात एखाद-दुसरा चेंडू आधीच दडवून ठेवलेला असे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे दुसऱ्याच्या नावाने बोंब मारत.

सत्तावन सालच्या अंतिम सामन्यात, अगदी शेवटच्या डावात, ला आल्तुरा एका धावेने पुढे होता आणि सांता रिताचा एकच गडी शिल्लक होता. तो एर्सिलिओ. त्याने मारलेला चेंडू उजवीकडे उसाच्या शेंड्यांवरून आत गेला. बगळा आत शिरला. एर्सिलिओ हात पसरून, लोकांकडे चुंबनं फेकत धावत होता. तिसऱ्या बेसवर त्याने टोपीसुद्धा उडवली. आणि तेवढ्यात उसातून चेंडू बाहेर आला, दुसऱ्या बेसवरच्या तेओच्या हातात पडला, तेओने नेरेओकडे फेकला, नेरेओने तो अंगाला टेकवला, आणि एर्सिलिओ होमबेसच्या चार पावलं अलीकडे बाद झाला.

“हा चेंडू दुसरा आहे!” तो ओरडला. पंचाने ऐकलं नाही. चषक ला आल्तुऱ्यात राहिला. पण ते ओरडणं सांता रितात गेलं ते तिथेच राहिलं. लग्नात, बाजारात, अंत्ययात्रेत दीनो दिसला की कोणीतरी हळूच विचारी, “काय बगळ्या, आज खिशात किती?” दीनो हसे. पुढेपुढे तो सांता रिताच्या बाजारात जाईनासा झाला. मीठ आणायलासुद्धा नदीकडच्या लांबच्या वाटेने जाई.

फिदेलिनाताई त्या सामन्याला नव्हत्या. तेव्हा त्या शहरात शाळेत शिकवत होत्या. आणि इतक्या वर्षांत भावाला त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल, ही भीती त्यांनी देवालासुद्धा कधी नीटशी सांगितली नव्हती.

त्या संध्याकाळी त्या शेळीच्या खोपटाशी गेल्या. दीनो तिचा पाय मांडीवर घेऊन बसला होता.

“दीनो, तो चेंडू तोच होता ना?”

त्याने वर पाहिलं. “बेचाळीस वर्षं लागली तुला विचारायला.”

“लागली. आता सांग.”

“आता नाही सांगत, जा. रागावलोय मी.” आणि मग शेळीकडे बघत म्हणाला, “त्या कार्डावर माझा चेहरा नसला तरी चालेल गं. पण पोरं कार्डांची अदलाबदल करतील ना, तेव्हा ते कोरं कार्ड कोणी घेणार नाही. ‘हे नको, दुसरं दे’ म्हणतील. एवढंच डोक्यातून जात नाही.”

दुसऱ्या दिवशी फिदेलिनाताईंनी चर्चला घालायचं राखाडी साडेपाच बटणांचं—एक बटण अर्धं तुटलेलं—जाकीट घातलं, छत्री घेतली आणि सांता रिताच्या बसमध्ये बसल्या. भावाला सांगितलं की डॉक्टरकडे जाते.

एर्सिलिओ मोता ओसरीवर डुलत्या खुर्चीत बसला होता. अंगाने अजून रेड्यासारखा, पण एक खुबा गेलेला. शेजारी दोन दोस्त डॉमिनो खेळत होते.

“बगळ्याची बहीण!” तो म्हणाला. “या, बसा. कॉफी घ्या. ऐका रे, बाईंच्या पर्समध्ये बघा, चेंडू असेल.”

दोस्त हसले. ताई बसल्या नाहीत.

“मोतासाहेब, तुम्ही कुठे पाहिलंत माझ्या भावाला चेंडू बदलताना?”

“पाहायला कशाला हवं? बाई, तुम्ही नन्सकडे वाढलात, तुम्हाला उसातलं काय कळणार. खाली घातलेला स्वतःचा हात दिसत नाही त्या पाचटात. मी होतो तेव्हा वाऱ्यासारखा. मी चक्कर मारून घरी यायच्या आत उसातून चेंडू शोधून काढणारा माणूस अजून आईच्या पोटात यायचाय.”

“म्हणजे ते अशक्यच आहे?”

“अशक्य.”

“मग पुन्हा मारा.”

डॉमिनोचे ठोके थांबले.

“काय?”

“एकवीस तारखेला, आल्ताग्रासिया देवीच्या दिवशी, आमच्या मैदानात या. चेंडू तुमचा. त्यावर तुमच्या हाताने सही करा, खूण करा, दातांनी चावून ठेवा हवं तर. तुम्ही मारा, तुम्ही धावा. दीनो आत जाईल. तुम्ही घरी पोचलात तर कार्ड कोरं राहू दे. नाही पोचलात तर छापू द्या.”

“अहो, हा माझा खुबा बघा!”

“आणि त्याचे गुडघे बघा. दोघंही सारखेच मोडलेले आहात. की वाऱ्यासारखे फक्त तेव्हाच होतात?”

एक दोस्त खोकल्याच्या नावाखाली हसला. एर्सिलिओने त्याच्याकडे रागाने पाहिलं, मग छत्रीकडे, मग ताईंकडे.

“चावून नको,” तो म्हणाला. “सही करेन.”

परतताना बसमध्ये ताईंची छत्री दोनदा खाली पडली. भावाला सांगायला त्यांनी जेवण होईपर्यंत थांबायचं ठरवलं, पण गावात बातमी बसच्या आधी पोचली होती. दीनो दारातच उभा होता.

“डॉक्टर काय म्हणाला?”

“म्हणाला, पळावं लागेल.”

दीनो टोपी घालून मैदानाकडे गेला आणि अंधार पडायच्या आत परत आला तो चेहरा पाडून.

“ताई, तू ऊस पाहिलास का तिथला? सप्टेंबरच्या वादळाने सगळा लोळवलाय. तेव्हाचा ऊस उभा होता, सरी मोकळी होती. आता एकात एक गुंतलाय, नुसती जाळी. त्यात डुक्करसुद्धा शिरणार नाही.”

“मग नको म्हणून सांगू?”

“सांगून तर बघ,” दीनो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पोटभर जेवला.

देवीच्या दिवशी सकाळची प्रार्थना संपली आणि दोन्ही कारखान्यांची माणसं मैदानात लोटली. तळलेल्या मासळीच्या टोपल्या आल्या, रमच्या बाटल्या आल्या, सांता रिताहून ट्रकभरून ढोल आले. जे हयात होते ते म्हातारे आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. गेलेल्यांच्या जागी त्यांचे मुलगे उभे राहिले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपच्या जागी तर मुलगीच, कारण त्या घरात मुलगा नव्हता आणि तिने कोणाला विचारलंही नाही. नेरेओने कॅचरचं जुनं चिलखत चढवलं होतं. ते आता पोटावर बसत नव्हतं म्हणून दोरीने बांधलं होतं. पंच म्हणून रादामेस. छापायचं त्यालाच, मग बघूही दे त्यालाच, असं दोन्ही बाजूंचं म्हणणं पडलं.

एर्सिलिओने निळ्या शाईने चेंडूवर सही केली, सगळ्यांना फिरून दाखवली. फिदेलिनाताईंसमोर आणून म्हणाला, “वाचता येतंय ना, बाई?”

“अक्षर वाईट आहे,” ताई म्हणाल्या. “पण येतंय.”

दीनो लांब उजवीकडे उभा होता. त्याने वाकून बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि बूट गवतावर नीट जोडून ठेवले. सांता रिताच्या बाजूने हशा उठला. “बगळा पाण्यात उतरतोय!”

एर्सिलिओने स्वतःच चेंडू वर उडवला आणि बॅट फिरवली. चुकला. पुन्हा उडवला, पुन्हा चुकला.

“सावकाश, बाबा,” नेरेओ मागून म्हणाला. “आम्हाला संध्याकाळपर्यंत काही काम नाही.”

“गप्प बस, जाड्या!”

तिसऱ्या वेळी बॅटला चेंडू असा लागला की आवाज छातीत जाणवला. चेंडू वर गेला, उन्हात क्षणभर दिसेनासा झाला आणि सगळ्यात जास्त लोळलेल्या, काळपट उसात जाऊन बुडाला. एर्सिलिओने मुद्दाम तिथेच मारला होता. मग खुब्यावर हात ठेवून तो धावायला लागला.

दीनो चेंडूकडे पाहत नव्हता. चेंडू पडला तिथे उसाचे शेंडे हलले, धूळ उठली. त्याने मान तिरकी करून फक्त ऐकलं, आणि मग जिथे चेंडू शिरला तिथे न जाता, त्याच्या बरंच डावीकडून आत घुसला.

“अरे चुकला!” ला आल्तुऱ्याचेच लोक ओरडले. “उजवीकडे, दीनो! उजवीकडे!”

ऊस त्याच्यावर मिटला. आता नुसती सळसळ ऐकू येत होती.

एर्सिलिओ पहिला बेस ओलांडून गेला. तो एक पाय ओढत होता, पण धावत होता, हे कबूल करायला हवं. त्याच्या मुली किंचाळत होत्या, “पप्पा, बसू नका, पप्पा!” दुसऱ्या बेसवर त्याने श्वास घ्यायला गुडघ्यावर हात टेकले आणि तेओने त्याला विचारलं, “पाणी आणू का?” एर्सिलिओने एक घाणेरडी शिवी दिली आणि पुन्हा निघाला.

उसातली सळसळ थांबली.

फिदेलिनाताईंनी डोळे मिटले नाहीत. त्यांना प्रार्थना आठवेना. लहानपणी सुट्टीत घरी आल्यावर भाऊ त्यांना फडात हरवलेला कोयत्याला धार लावायचा दगड शोधून दाखवायचा, ते त्यांना आठवलं. डोळ्यांनी शोधू नको ताई, म्हणायचा, पाचटात डोळे आंधळेच. पडलेली वस्तू वर राहत नाही. ती खाली सरीत घसरते आणि सरी जिकडे उतरते तिकडे जाते. आपण उताराच्या बाजूने शिरायचं आणि पाय घासत यायचं. पायाला कळतं.

मैदान डावीकडे उतरत होतं.

“तिसरा!” सांता रिताने गर्जना केली. एर्सिलिओने तिसरा बेस ओलांडला. या वेळी त्याने टोपी उडवली नाही, कुणाकडे पाहिलंही नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे होमबेसवर होते.

आणि उसातून, आतूनच, शेंड्यांच्या वरून, चेंडू बाहेर आला. माणूस दिसत नव्हता. नुसता चेंडू, पाचटाच्या फाटक्या पानासकट, उंच, सरळ, तेओच्या दिशेने.

“तेओ! अरे तेओ, हात वर!”

तेओचे हात वर होतेच. झेलला, वळला, आणि त्याच्या खांद्यात होतं नव्हतं तेवढं सगळं लावून फेकला. चेंडू जमिनीवर एकदा आपटला आणि नेरेओच्या छातीवर आदळून त्याच्या पंजात आला. एर्सिलिओ घसरला. या वयात, त्या खुब्यावर, तो माणूस पोटावर घसरला, धूळ उडाली, आणि नेरेओ दोरी तुटलेल्या चिलखतासकट त्याच्यावर पडला.

धुळीत काही दिसेना. रादामेस वाकला. एर्सिलिओची बोटं होमबेसपासून वीतभर अलीकडे होती. चेंडू त्याच्या पाठीवर टेकलेला.

“बाद!” रादामेसचा आवाज फाटला. “बाद! बाद!”

जे झालं ते शब्दांत सांगता येण्यासारखं नव्हतं. ढोल सांता रिताचे होते, तेसुद्धा वाजायला लागले. शॉर्टस्टॉपच्या मुलीने तेओला उचललं. फिदेलिनाताईंनी छत्री उघडली, का ते त्यांनाही कळलं नाही, आणि ऊन नसलेल्या बाजूला धरून उभ्या राहिल्या.

एर्सिलिओ उठून बसला. “चेंडू दे,” तो नेरेओला म्हणाला.

त्याने चेंडू शर्टाला पुसला. फिरवला. चिखल नखाने खरवडला. निळी शाई दिसली. आपलीच वाईट अक्षरं तो बराच वेळ वाचत बसला.

तेवढ्यात दीनो उसातून बाहेर आला. शर्ट बाहीपाशी फाटलेला, केसांत कुसळं, हातांवर गालांवर पानांनी ओढलेल्या बारीक लाल रेघा, आणि तळपायांतून रक्त. तो लंगडत मैदान ओलांडून आला. कोणी त्याला खांदा द्यायला गेलं तर त्याने हाताने बाजूला सारलं.

“काय झालं?” त्याने विचारलं. “मला आतून काही दिसलं नाही.”

एर्सिलिओ दोन माणसांच्या आधाराने उठून त्याच्यासमोर उभा राहिला.

“बगळ्या.”

“बोल.”

“तेव्हाही उताराच्या बाजूनेच शिरला होतास का?”

“तेव्हा उभा ऊस होता रे. तेव्हा सोपं होतं.”

एर्सिलिओ हसायला लागला, खुबा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याने स्वतःची सांता रिताची टोपी काढली आणि दीनोच्या डोक्यावर दाबून बसवली, त्याच्या कुसळांसकट.

“रादामेस! छाप रे कार्ड. आणि मागच्या बाजूला लिही, एर्सिलिओ मोताला उसातून दोनदा बाद केलं. दोनदा, समजलं? ‘दोनदा’ मोठ्या अक्षरात. आणि अरे, हा कॅचर कोणी उचला रे, याने माझी बरगडी मोडलीय.”

“जुना फोटो घेऊ की?” रादामेसने विचारलं. “सत्तावन सालचा आहे माझ्याकडे.”

“जुना कशाला?” फिदेलिनाताई म्हणाल्या. “समोर उभा आहे ना.”

म्हणून त्या पाकिटात आजही एक कार्ड वेगळं निघतं. सगळे विशी-पंचविशीतले, तेल लावलेले, पोटं आत ओढलेले, आणि त्यांच्यात एक म्हातारा, अनवाणी, रक्ताळलेला, दुसऱ्याच संघाची टोपी घातलेला, दात दाखवून हसणारा. पोरं त्या एका कार्डासाठी दोन-दोन पिचर द्यायला तयार असतात. दीनो हे ऐकतो आणि म्हणतो, “पिचर स्वस्त झालेत हल्ली.” मीठ आणायला तो सांता रिताच्या बाजारात जातो, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावून येतो.

त्या संध्याकाळी फिदेलिनाताईंनी गरम पाण्याच्या तसराळ्यात त्याचे पाय घेतले आणि सुईने एकेक कुसळ काढलं. तो ओरडला, त्यांनी त्याला लहान पोरासारखं दटावलं. “तू तेव्हाच का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“तू विचारलंस तेव्हा सांगावंसं वाटलं होतं,” दीनो म्हणाला. “पण मग वाटलं, नुसतं ऐकून तुला काय मजा. आई गं! सावकाश!”

तो बसल्या जागीच झोपला, टोपी डोक्यावर तशीच. ताईंनी हात पुसले, टेबलाशी बसल्या आणि वही उघडली.

२१ जानेवारी १९९९, गुरुवार. देवीची प्रार्थना झाली. मैदानात खूप गर्दी होती. दीनोच्या पायाला आयोडीन लावलं. आयोडीन संपलं. उद्या राजमा भिजत घालायचा आहे, नेरेओ जेवायला येणार.